अपडेटनंतर लिनक्सची स्क्रीन काळी पडली? फॉरमॅट न मारता ग्राफिक्स ड्रायव्हर असा परत आणा

रात्री अपडेट टाकलं, सकाळी मशीन सुरू केलं आणि लॉगिनची खिडकीच येत नाही. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते, बाकी सगळा काळोख. किंवा डेस्कटॉप येतो, पण आयकॉन अवाढव्य झालेत, एचडीएमआयवरचा दुसरा मॉनिटर बंद, आणि ब्लेंडर म्हणतं की ग्राफिक्स कार्डच सापडत नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लालबाग-परळकडच्या एखाद्या छोट्या डिझाइन स्टुडिओत असं झालं तर काय धावपळ उडते, ते वेगळं सांगायला नको. अशा वेळी जवळचं कुणीतरी हमखास सांगतं, ‘फॉरमॅट मार, नवीन टाक.’ ऐकू नका. तुमच्या फायली जिथल्या तिथे आहेत, कार्डही बहुतेक वेळा धडधाकट आहे. फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुढे गेला आणि कार्ड चालवणारा ड्रायव्हर मागे राहिला, एवढंच झालेलं असतं. आधी जुन्या कर्नलवर परत जायचं, मग कारण शोधायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं. हा क्रम मोडला की साधं दुखणं मोठं होतं.

हा त्रास मुख्यतः एनव्हिडियावाल्यांना होतो. इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच असतात. कर्नल बदलला की तेही सोबत बदलतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येतो. त्याचा जो भाग कर्नलमध्ये जाऊन बसतो, म्हणजे मॉड्यूल, तो एका ठरावीक कर्नलसाठीच बनवलेला असतो. उबुंटूत कर्नलच्या नंबरातला अगदी शेवटचा आकडा बदलला तरी नव्या कर्नलसाठी वेगळं मॉड्यूल लागतं. ते बनवण्याचं काम डीकेएमएस नावाची यंत्रणा अपडेटच्या वेळी गुपचूप करते. ते काम कुठेतरी अडलं, तर तुम्हाला दिसते ती काळी स्क्रीन.

खालचं सगळं उबुंटू आणि त्यावर बेतलेल्या मिंटसारख्या सिस्टीम धरून लिहिलं आहे. फेडोरा आणि आर्चचं शेवटाकडे येईल. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत, रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवून टाइप करा.

पायरी १ : जुन्या कर्नलवर परत जा

मशीन रीस्टार्ट करा. कंपनीचा लोगो जाताच एस्केप एकदाच दाबा; जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा, म्हणजे मशीन कशावर सुरू करायचं ते विचारणारा, मेनू येईल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ निवडा. आत कर्नलची यादी दिसते, सगळ्यात वरचा सगळ्यात नवा. त्याच्या खालचा, पण ज्यापुढे ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेलं नाही तो निवडून एंटर मारा.

एस्केप जास्त वेळा दाबला गेला तर मेनूऐवजी नुसता ‘ग्रब>’ असा प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका. ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदा एस्केप.

जुन्या कर्नलवर डेस्कटॉप पूर्वीसारखा आला, तर अर्धं निदान झालं : ड्रायव्हर ठीक आहे, नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल बनलं नाही किंवा चढलं नाही. हातात घाईचं काम असेल तर आत्ता इथेच थांबा. काम उरका, फाइल छापखान्यात पाठवा, दुरुस्ती रात्री निवांत करा. तोवर ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) चालवून जुने कर्नल काढू नका. सध्या तोच तुमचा आधार आहे.

जुन्या कर्नलवरही काळोखच असेल तर ग्रबमध्ये नेहमीच्या ओळीवर उभं राहून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ-१० दाबा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतो आणि साधी, कमी रिझोल्यूशनची स्क्रीन मिळते. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. डेस्कटॉप तरीही आला नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराची स्क्रीन उघडा आणि तिथे लॉगिन करा. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं.

इंटरनेट लागेल. वायफाय लागत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंग सुरू करा. बहुतेक वेळा काहीही सेट न करता नेट येतं.

पायरी २ : हात लावण्याआधी बघा

बरेच लोक इथेच घाई करतात. पहिलीच कमांड ‘सगळं काढून टाक’ अशी देतात आणि मग नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. पुढच्याच अपडेटला तेच पुन्हा होतं. म्हणून आधी पाच मिनिटं फक्त बघा.

‘युनेम -आर’ ही कमांड सध्या कोणता कर्नल चालू आहे ते सांगते. ‘एलएसपीसीआय -के’ दिल्यावर येणाऱ्या लांब यादीत ‘व्हीजीए’ किंवा, लॅपटॉपवर बहुधा, ‘थ्रीडी कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं असतं. पुढे ‘एनव्हिडिया’ हवं. ‘नूव्हो’ असेल तर सिस्टीमने मुक्त ड्रायव्हरवर काम भागवलं आहे. ती ओळच नसेल तर कार्डाला कुणीच वाली नाही.

मग ‘डीकेएमएस स्टेटस’. ही कमांड कोणत्याही कर्नलवरून चालते आणि सगळ्यात जास्त माहिती देते. ड्रायव्हरचा नंबर, त्यापुढे कर्नलचा नंबर, शेवटी ‘इन्स्टॉल्ड’ असं दिसतं. जुन्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ आहे आणि नव्या कर्नलची ओळच नाही, तर चोर सापडला. नव्यासमोरही ‘इन्स्टॉल्ड’ असेल, तर मॉड्यूल बनलंय पण कर्नल त्याला आत घेत नाहीये. तेव्हा संशय सिक्युअर बूटवर, म्हणजे सही नसलेलं काही आत न घेण्याच्या व्यवस्थेवर, जातो. उत्तर रिकामंच आलं, किंवा अशी कमांडच नाही असं कळलं, तर तुमच्याकडे बहुधा उबुंटूने आधीच बनवून दिलेली मॉड्यूल आहेत. त्याबद्दल पुढे.

शेवटी नव्या कर्नलवर (डेस्कटॉप येत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३च्या स्क्रीनवरून) ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवा. सगळं ठीक असेल तर कार्डाचं नाव, तापमान आणि मेमरी दाखवणारा तक्ता येतो. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर मेमरीत जुनं मॉड्यूल आणि डिस्कवर नवी लायब्ररी अशी स्थिती आहे. बहुतेक वेळा नुसता रीस्टार्ट पुरतो. ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही असं आलं, तर पुढे वाचा.

पायरी ३ : कारणाप्रमाणे दुरुस्ती

अपडेट अर्धवट राहिलं. मुंबईत याचं नेहमीचं कारण म्हणजे अपडेट चालू असतानाच स्टेशन आलं म्हणून लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि मग बॅटरीही संपली. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या, ते संपल्यावर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. कित्येकदा यातच काम होतं.

बूटची जागा भरली. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू टाकलं असेल तर ‘/बूट’ हे वेगळं, लहान पार्टिशन असतं. ‘डीएफ -एच /बूट’ने बघा. शंभर टक्के भरलं असेल तर नव्या कर्नलची बूट इमेज अर्धवट लिहिली गेली असणार. अशा वेळी मात्र ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ द्यायला हरकत नाही. यादी वाचा, चालू कर्नल त्यात नाही ना ते पाहा, मगच होकार द्या. नंतर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’.

हेडर्स नाहीत. डीकेएमएसला मॉड्यूल बनवायला त्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ द्या. एलटीएसवर (उबुंटूची दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) नवा एचडब्ल्यूई कर्नल, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी दिलेला पुढचा कर्नल, वापरत असाल तर पॅकेजच्या नावात ‘एचडब्ल्यूई’ आणि आवृत्ती येते, उदाहरणार्थ ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’. मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’. ही कमांड नव्या कर्नलवर उभं राहून चालवा, कारण ती चालू असलेल्या कर्नलसाठीच मॉड्यूल बनवते.

बांधणीच फसली. हेडर्स असूनही मॉड्यूल बनत नसेल तर ‘/वार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया’च्या आत ‘मेक.लॉग’ नावाची फाइल शोधा. खालून वर वाचत जा आणि पहिला ‘एरर’ पकडा. उबुंटू २२.०४ वर याचं ठळक उदाहरण घडलं होतं : एचडब्ल्यूई कर्नल ६.५ वर गेला, तो जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला होता आणि लोकांच्या मशीनवर जीसीसी ११ होता. लॉगमध्ये कंपायलर ओळखत नसलेल्या पर्यायाची तक्रार दिसायची. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२’ आणि पुन्हा ऑटोइन्स्टॉल, एवढ्यावर भागायचं. लॉग न वाचता चार वेळा ड्रायव्हर काढून टाकला असता तरी ते सुटलं नसतं.

सिक्युअर बूट. यावर जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. ‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ने ते चालू आहे का बघा. चालू असेल तर कर्नल फक्त सही केलेली मॉड्यूल आत घेतो. डीकेएमएस तुमच्या मशीनवरच बनवलेल्या चावीने सही करतं, पण ती चावी मदरबोर्डच्या फर्मवेअरला ओळख करून द्यावी लागते. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, तर ती ओळख झालेली नाही.

‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ द्या. एक पासवर्ड मागेल. तो एकदाच वापरायचा असतो, तेव्हा साधा ठेवा, पण कागदावर लिहा. रीस्टार्ट केलं की निळी स्क्रीन येते आणि कोणतीही कळ दाबायला सांगते. काही सेकंदांतच ती निघून जाते आणि मशीन पूर्वीसारखंच बिघडलेलं सुरू होतं, म्हणून समोरून हलू नका, चहा नंतर. कळ दाबली की ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, तो पासवर्ड, शेवटी ‘रीबूट’. ब्लूटूथ कीबोर्ड इथे चालत नाही, वायरवाला जोडा. आणि इथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डात चिन्हं नकोत.

बायोसमधून सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं. त्याच मशीनवर विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल, तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय तो रस्ता धरू नका.

कार्डच जुनं झालं. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १०६० अजूनही अनेकांच्या मशीनमध्ये आहे आणि चांगलं काम देतं. पण मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर शाखा आहे. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका यात येतात. अपडेटने ५९० किंवा पुढचा ड्रायव्हर आणला असेल तर ही कार्डं चालणारच नाहीत. ५८० वर परत यावं लागेल. त्याहून जुन्या केप्लर कार्डांसाठी ४७० ही शेवटची शाखा होती. आणखी एक घोळ : नावात ‘ओपन’ असलेले ड्रायव्हर ट्युरिंग आणि त्यानंतरच्याच कार्डांवर चालतात. म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे. उलट आरटीएक्स ५० मालिकेला ‘ओपन’च लागतो.

पायरी ४ : काहीच जमलं नाही, तर नव्याने टाका

‘सुडो ॲप्ट पर्ज '^एनव्हिडिया-.*' '^लिबएनव्हिडिया-.*'’ द्या. काय काय निघणार याची यादी येते. तिच्यात डेस्कटॉपचं पॅकेज दिसलं तर ‘एन’ दाबून थांबा. एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेल्या ‘.रन’ फाइलने पूर्वी ड्रायव्हर टाकला असेल तर त्याआधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’. ती ‘.रन’ फाइल घरगुती मशीनवर वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. पॅकेजं सांभाळणाऱ्या ॲप्टला तिची खबर नसते, आणि पुढच्या अपडेटला दोन ड्रायव्हर एकमेकांच्या फायलींवर चढतात.

मग ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’. तुमच्या कार्डाला चालणारे ड्रायव्हर दिसतील, एकापुढे ‘रेकमेंडेड’ असेल. ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ दिलं की योग्य तो बसतो. उबुंटू शक्य तिथे स्वतः बनवून सही केलेली मॉड्यूल देतं, ज्यांची नावं ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ने सुरू होतात. ती मिळत असतील तर घ्याच : डीकेएमएस नको, चावीची ओळख नको, आणि कर्नलबरोबर तीही अपडेट होतात. मिंटमध्ये हेच काम ड्रायव्हर मॅनेजर माऊसने करून देतो. रीस्टार्ट करा आणि एनव्हिडिया-एसएमआयचा तक्ता येतो का पाहा. लॅपटॉपवर ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ही बघून घ्या, उत्तर ‘इंटेल’ असेल तर ड्रायव्हर ठीक असूनही कार्ड झोपलेलंच राहील. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ने ते जागं होतं.

फेडोरावर आरपीएम फ्यूजन या जादा पॅकेजांच्या भांडारातला ड्रायव्हर असेल तर डीकेएमएसच्या जागी एकेमॉड्स असतं. ते अपडेटनंतर मागे शांतपणे बांधणी करत असतं, म्हणून लगेच रीस्टार्ट न करता पाचेक मिनिटं द्या. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ने नंबर दाखवला की मगच रीस्टार्ट. (इथला ‘एफ’ मोठा.) बिघडलंच तर ‘सुडो एकेमॉड्स --फोर्स’. आर्चवर अर्धंमुर्धं अपडेट करू नका, आणि एलटीएस कर्नल शेजारी टाकून ठेवा.

एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असून नव्या कर्नलवर स्क्रीन बिघडली, तर वरची बरीचशी खटपट लागू नाही. तो बहुधा कर्नलमधला किंवा फर्मवेअरमधला दोष असतो. पुढचा कर्नल येईपर्यंत जुन्यावर राहा.

पुढच्या वेळी

अपडेट संपल्यावर, रीस्टार्टच्या आधी, ‘डीकेएमएस स्टेटस’ बघायची सवय लावा. मॉड्यूल डीकेएमएस बनवत असेल, तर नव्या कर्नलच्या नंबरापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तरच मशीन बंद करा. नसेल तर डेस्कटॉप चालू असतानाच हेडर्स आणि लॉग तपासता येतात, काळ्या स्क्रीनवर चाचपडावं लागत नाही. मोठ्या डिलिव्हरीच्या आठवड्यात ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ देऊन कर्नल जागेवर थोपवता येतो. एचडब्ल्यूई असेल तर तिथली नावं वापरा. काम संपलं की त्याच नावांनी ‘अनहोल्ड’ करायला विसरू नका, कारण थोपवलेल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत.