झिरो ए.डी.मध्ये ‘काळी पाचवी’ उभी करताना

बेळगाव-खानापूर भागात नुसतं ‘पलटण’ म्हटलं तरी डोळ्यांसमोर मराठा लाइट इन्फंट्रीच येते. १९२२ पासून रेजिमेंटचं केंद्र बेळगावातच आहे. तिच्या पूर्वज पलटणींपैकी मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची पाचवी, म्हणजे ‘काळी पाचवी’, खेळात आणायची असेल तर १८४० साल धरा. त्या वर्षी मे ते सप्टेंबर कॅप्टन लुईस ब्राउनच्या हाताखाली तिने बलुचिस्तानातल्या मर्री डोंगरांत काहानचा किल्ला राखला. पुढच्या वर्षी तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला.

झिरो ए.डी. हा संगणकावरचा लढाईचा खेळ फुकट आणि मुक्त आहे. पण त्याचा काळ इसवी सनाच्या सुरुवातीला संपतो, त्यामुळे त्यात बंदूकच नाही. ती आपणच घडवायची.

पहिली पायरी सोपी आहे. मॉड म्हणजे मूळ खेळात आपण घातलेली भर. ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये स्वतःचा फोल्डर करा आणि त्यात मॉडची माहिती देणारी जेसन फाइल (साध्या मजकुराची, .json) ठेवा. मॉड खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो हे त्यात लिहावं लागतं. तो आकडा जुळला नाही तर मॉड निवडताच येत नाही. मग ‘सिव्हज’ (म्हणजे संस्कृतींच्या) फोल्डरात आपल्या सैन्याची जेसन फाइल. तिचं नाव आणि आतला सांकेतिक कोड एकच हवा, तोही रोमन लहान अक्षरांत. एखाद्या तयार संस्कृतीची, उदाहरणार्थ मौर्यांची, फाइल उतरवून घेऊन बदलत गेलं तर वेळ वाचतो. २७व्या आवृत्तीपर्यंतच्या खेळात देवनागरीचा फॉन्ट नाही, म्हणून शिपायांची नावंही रोमनमध्येच द्या, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात.

आता शिपाई. खेळात पायदळाच्या तीन पायऱ्या असतात: साधा, प्रगत, निवडक. आपल्याकडे त्या आयत्या आहेत: शिपाई, नाईक, हवालदार. सुभेदाराला ‘हीरो’ करा, म्हणजे एका वेळी एकच राहील. प्रत्येक पायरीची वेगळी एक्सएमएल फाइल (हीही मजकुराचीच, .xml) करा आणि बढतीच्या जागी पुढच्या फाइलचा मार्ग लिहा. इथे एक अक्षर चुकलं तरी सुरुवातीला काही कळत नाही. लढाई रंगात येते, पहिला शिपाई नाईक व्हायला जातो आणि पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटते. म्हणून मुद्दाम एक बढती होईपर्यंत खेळून बघा. चूक नेमकी कुठे आहे ते ‘लॉग्ज’ फोल्डरमधल्या मुख्य लॉगमध्ये सापडतं.

फाइल बरोबर असूनही बराकीत शिपायाचं चित्र दिसत नसेल तर कारण बहुधा नावात असतं. बराक ठराविक नावांच्या फाइलीच शोधते आणि सापडली नाही तर ती जागा गुपचूप गाळते. वेगळं नाव हवंच असेल तर बराकीच्या ‘ट्रेनर’ यादीत (तिथे कोणते शिपाई तयार होतात ती यादी) ते हातानं घाला. २६व्या आवृत्तीच्या आधीच्या मॉडमधली बराक उचलू नका, तेव्हा ‘ट्रेनर’ हा वेगळा भाग नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ बंदुकीला द्या. ठासणीची ब्राउन बेस बंदूक मिनिटाला साधारण तीन बार काढायची, म्हणजे २० सेकंदांना एक. खेळात तो वेग रटाळ होतो, पाच सेकंद ठेवा (आकडा ५००० लिहायचा, कारण मोजमाप मिलिसेकंदात आहे). पल्ला ४५ मीटर. तिरंदाजाचा ६० आहे आणि बंदूक त्याहून कमीच हवी, कारण गुळगुळीत नळीची गोळी लांबवर भरवशाची नव्हती. पांगण्याचा आकडा तिरंदाजाच्या दुप्पट, गोळीची गती तिप्पट आणि गुरुत्व कमी करा. गुरुत्व तसंच राहिलं तर गोळी बाणासारखी कमान घेते.

भेदक मारा ४० पुरे. चिलखताची प्रत्येक पातळी मारा दहा टक्क्यांनी घटवते. समोरच्याचं भेदक चिलखत ५ असेल तर ४० पैकी सुमारे २४ लागतात आणि १०० आयुष्याचा भालाईत पाच गोळ्यांत पडतो. मोहानं मारा १०० केला की तोच भालाईत दोन गोळ्यांत जातो. मग पहिल्या फैरीतच लढाई संपते आणि डावपेचाला जागा उरत नाही.

संगीन हा खरा पेच. एकाच शिपायाला गोळी आणि संगीन दोन्ही दिली तरी शत्रू अंगावर आल्यावर तो आपणहून संगिनीकडे वळत नाही, कारण खेळ हल्ल्याचा प्रकार अंतर पाहून निवडत नाही. उपाय म्हणजे दोन फाइली: एक बंदूकवाला, एक संगीनवाला. दोघांना ‘अपग्रेड’ने (एका शिपायाचा दुसरा प्रकार करणाऱ्या सोयीने) जोडा, खर्च शून्य, वेळ दोन सेकंद. खेळात इराणचे ‘अमर’ सैनिक भाला आणि धनुष्य याच रीतीने बदलतात. हे दोन सेकंद कमी करू नका. संगीन कधी चढवायची हा निर्णय त्यामुळेच जड होतो.

हलक्या पायदळाचं बळ विखरून लढण्यात आहे. म्हणून सैन्याच्या रचनांत चकमकीची फळी हवीच.

कोटाच्या चित्रात अल्फा चॅनल (पारदर्शकता ठरवणारा थर) सांभाळा. जो भाग पारदर्शक राहील तो खेळाडूचा रंग घेतो आणि लाल कोट निळा किंवा हिरवा होतो. पारदर्शकता पाठपिशवीपुरती ठेवा. गळपट्टी आणि मनगटपट्टी काळी, कारण या पलटणीच्या नावातला काळा तोच.

काहानचा नकाशा ॲटलसमध्ये (खेळाच्या नकाशे बनवायच्या साधनात) करताना आकडे फुगवू नका. किल्ल्यात सुमारे १४० संगीनधारी आणि एकच तोफ होती. लोकसंख्येची मर्यादा १५० ठेवा आणि तोफखाना बांधायची सोयच काढून टाका. ३१ ऑगस्टला मेजर क्लिबोर्नची मदतीची तुकडी नफुस्क खिंडीत अडली, माणसं तहानेनंही गेली आणि मदत पोचलीच नाही. त्यामुळे नकाशात बाहेरून कुमक येणार नाही अशीच मांडणी करा.

मित्रांबरोबर खेळताना सगळ्यांकडे मॉडची एकच आवृत्ती हवी. तुम्ही बेळगावात बंदुकीचा एक आकडा बदललात तर निपाणीतल्या मित्रालाही नवा फोल्डर पाठवा आणि माहितीच्या फाइलीतला आवृत्ती क्रमांक त्याच वेळी वाढवा.