मुरगळलेल्या घोट्याला घरी टेन्स कसं लावावं

व्हॉलीबॉलला ब्लॉक करून खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडतो, कबड्डीत पकड सोडवताना पाऊल आत वळतं, आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणलं जातं. फिजिओकडे गेलं की पॅड लावून करंट देतात. तिथलं मशीन बहुतेकदा आयएफटी, म्हणजे दोन करंट एकमेकांत मिसळून देणारं मोठं मशीन, असतं. घरी वापरायला मिळतं ते टेन्स, म्हणजे त्वचेवरून नसांना विजेचे हलके झटके देऊन दुखणं कमी करणारं मशीन, खिशात मावेल एवढं. ते नीट लावलं तर दुखणं तेवढ्यापुरतं बऱ्यापैकी उतरतं. तुटलेलं लिगामेंट त्याने सांधत नाही, सूज उतरवण्यासाठीही त्याच्यावर भिस्त ठेवू नका. दुखणं उतरलंय तोवर घोटा हलवून घ्यायचा, एवढ्यासाठी टेन्स आहे. त्याच्या जोरावर मॅच खेळायला उतरणं म्हणजे आधीच ताणलेलं लिगामेंट पूर्ण फाडून घेण्याची तयारी.

आधी हाड तपासा

मशीन हातात घेण्याआधी ही तपासणी कराच. घोट्याची आतली आणि बाहेरची अशी दोन हाडं वर आलेली दिसतात. त्यांच्या टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत, मागच्या कडेने बोटाने दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, टाच आणि करंगळीच्या साधारण मध्यावर एक हाडाचा उंचवटा लागतो, तो दाबा. आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली दुसरा उंचवटा आहे, तोही दाबा. यांपैकी कुठेही हाडावरच कळ आली, किंवा दुखावल्यानंतर लगेच आणि आत्ताही लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. कॅनडातल्या ऑटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेला हा नियम आजही अपघात विभागात वापरला जातो. वाढत्या वयाच्या मुलामुलींचा घोटा असेल तर नियमावर विसंबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो आणि तिथली इजा वरून मुरगळल्यासारखीच दिसते.

मागून कोणी पोटरीवर काठी मारली असं वाटून टक्कन आवाज झाला असेल आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर टाचेमागची कंडरा तुटलेली असू शकते. तिथे करंट देऊन वाट बघत बसणं म्हणजे उपचाराचे दिवस वाया घालवणं.

मशीन घेताना

कोपर आपटलं की हात आपोआप ते चोळतो. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान नसांमधून मज्जारज्जूत पोचतात आणि बारीक नसांमधून येणाऱ्या वेदनेची वाट तिथेच अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हा सिद्धांत मांडला. टेन्स हेच काम विजेच्या छोट्या झटक्यांनी करतं. म्हणून मशीनवर तीन गोष्टी तुम्हाला स्वतः बदलता आल्या पाहिजेत: एका सेकंदात किती झटके, म्हणजे हर्ट्झ, एक झटका किती वेळाचा, म्हणजे मायक्रोसेकंद, आणि जोर, म्हणजे मिलिअँपिअर. फुलपाखराच्या आकाराचे जे छोटे मसाजर मिळतात त्यांत फक्त ‘मोड १, मोड २’ असतं, आत काय चाललंय ते कळत नाही. दोन चॅनलचं (एक चॅनल म्हणजे दोन पॅडची एक जोडी), प्रत्येक चॅनलला जोराचं वेगळं बटण असलेलं मशीन घ्या. चार्जिंगचं असेल तर चार्जरला जोडलेलं असताना अंगाला लावू नका.

त्वचा आणि पॅड

‘मशीन चालत नाही’ या तक्रारीत बहुतेकदा दोष पॅडचा किंवा त्वचेचा असतो. घोट्याला आधीच बाम चोळलेला असतो, नाहीतर तेल लावून शेकलेलं असतं, नाहीतर हळदीचा लेप धुऊनही त्याचा थर राहिलेला असतो. तेलकट त्वचेवर पॅडची जेल जागोजागी सुटते. मग सगळा करंट चिकटलेल्या तेवढ्याशा जागेतून जातो आणि मुंग्यांऐवजी सुई टोचल्यासारखं होतं. त्याच ठिकाणी पुढे त्वचा भाजतेही. साबणाने धुवा, पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. लगेच आधी दाढीचं ब्लेड फिरवू नका, कारण न दिसणारे ओरखडे नंतर चुरचुरतात.

बर्फ लावला असेल तर थांबा. बधिर त्वचेला जोर किती झाला ते समजत नाही. कापसाचा बोळा आणि काडेपेटीतल्या काडीचं टोक आलटून पालटून टेकवा. डोळे मिटून मऊ काय आणि टोकदार काय हे बरोबर ओळखता आलं तरच पॅड लावा. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या पायाला घरी लावूच नये.

घोट्यासाठी ४ × ४ सेंटिमीटरचे पॅड बरे. नेहमीचे ५ × ५ चे तिथल्या वळणांवर कडेने उचलले जातात. एक पॅड बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि किंचित खाली, जिथे बोट दाबल्यावर मऊ खळगा लागतो तिथे. दुसरा घोट्याच्या मागे आणि थोडा वर, हाड आणि टाचेमागची कंडरा यांच्या मधल्या मऊ जागेत. नेमक्या हाडावर पॅड ठेवू नका, जोर वाढवण्याआधीच टोचायला लागतं. दोन पॅडमध्ये कमीत कमी अडीच सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर करंट वरच्यावर एका पॅडमधून दुसऱ्यात जातो. पाऊल इतकं सुजलं असेल की हात लावू देत नाही, किंवा त्वचा खरचटली असेल, तर दोन्ही पॅड वर सरकवून नडगीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूवर लावा. पावलाच्या पाठीकडे जाणारी नस तिथूनच खाली उतरते.

पॅड काढताना वायर ओढायची नाही, कडेला धरून हलकेच सोलायचा. वायर ओढली की आतली जोडणी तुटते आणि पॅड वरून धडधाकट दिसत असूनही करंट देत नाही. काढल्यावर लगेच त्याच्या मूळ प्लास्टिकवर चिकटवून बंद पिशवीत ठेवा. चिकटपणा कमी झाला तर स्वच्छ बोटाने पाण्याचा एक थेंब जेलवर पसरवा आणि दोन मिनिटं थांबा. असा जपला तर एक पॅड साधारण २० ते ३० वेळा वापरता येतो. कोरडा पडलेला, धूळ बसलेला पॅड टेपने दाबून चालवू नका. पॅड ज्याचा त्याने वेगळा ठेवावा.

करंट किती

मशीन बंद असतानाच पॅड लावा, पिना पूर्ण आत बसल्याचं बघा, मग चालू करा. सुरुवातीला ८० ते १०० हर्ट्झ आणि ५० ते १०० मायक्रोसेकंद. जोर शून्यापासून एकेक पायरी वाढवत न्या. आधी काहीच नाही, मग पॅडखाली बारीक मुंग्या, मग त्या दोन पॅडच्या मधली जागा भरून टाकतात. तिथे थांबायचं नाही. मुंग्या जोरकस पण सहन होणाऱ्या, बोलता बोलता विसरता येणार नाहीत इतक्या हव्यात. बोटं किंवा पाऊल आपोआप उडायला लागलं तर एक-दोन पायऱ्या खाली या. ताज्या इजेत स्नायूने लिगामेंट ओढणं नको असतं.

लोक कमी पडतात ते इथे. हलकी गुदगुली झाली की मशीन ‘लागलं’ असं समजून बसतात, आणि तेवढ्या जोराने फारसं काही होत नाही. शिवाय पाच-दहा मिनिटांत नसा सरावतात, मुंग्या विरल्यासारख्या वाटतात. तेव्हा जोर पुन्हा एक-दोन पायऱ्या वाढवावा लागतो, आणि हे एका बैठकीत दोन-तीनदा करावं लागतं. मिलिअँपिअरचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका. त्वचा, पॅड, अंतर यांनुसार तो रोज बदलतो.

एक बैठक ३० मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. संपल्यावर जोर शून्यावर आणा, मशीन बंद करा, मगच पॅडला हात लावा. चालू मशीनवर सुटलेला पॅड परत चिकटवला की सणकन झटका बसतो. त्वचा हलकी गुलाबी दिसली आणि तासाभरात पूर्ववत झाली तर ठीक. ठिपके, फोड, खाज असेल तर तो पॅड सोडून द्या.

रोज तेच सेटिंग चालवलं तर चार-पाच दिवसांत परिणाम कमी व्हायला लागतो. म्हणून मशीनमध्ये ‘मॉड्युलेशन’ असेल तर ते वापरा, त्यात हर्ट्झ आपोआप वरखाली होतात. पहिले काही दिवस गेल्यावर, दुखणं बोथट आणि खोल झालं की २ ते ४ हर्ट्झ आणि २०० मायक्रोसेकंद करून बघा. यात ठोके वेगवेगळे जाणवतात आणि स्नायू हलके थरकतात, तसे थरकू द्यायचे. शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं ते या पद्धतीत जास्त. आराम उशिरा येतो पण थोडा जास्त टिकतो. बैठकीच्या आधी कडक कॉफी टाळलेली बरी, कॅफीनने टेन्सचा परिणाम कमी होतो.

चालू असतानाच हालचाल

दहा मिनिटं झाली, दुखणं उतरलं, की बसल्या जागी पाऊल वर-खाली २० वेळा. मग अंगठ्याने हवेत ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत अक्षरं काढा. मुळाक्षरं कंटाळवाणी वाटतील, पण घोटा त्यात सगळ्या दिशांना फिरतो. उभं राहून करायचे व्यायाम, म्हणजे टाचा उचलणं आणि एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं, वायर काढून, भिंतीजवळ उभं राहून करा. हे करताना कळ वाढत गेली तर त्या दिवसापुरतं थांबा. ती कळ दडपण्यासाठी जोर वाढवायचा नाही.

हेच मशीन दुसऱ्या सांध्यांनाही लावता येतं. गुडघ्यासाठी वाटीच्या चारी कोपऱ्यांना चार पॅड, एका चॅनलचे दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, म्हणजे फुली पडते. टेनिस एल्बोला, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याला, एक पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडाखालच्या स्नायूवर आणि दुसरा मनगटाकडे चार-पाच बोटं अंतरावर. बोटं आपोआप सरळ व्हायला लागली तर जोर कमी करा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली असेल तर मात्र पॅड नको. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मशीनवर ‘ईएमएस’ असंही बटण असेल तर ते वेगळं काम करतं. ते स्नायू आकुंचित करतं, वेदनेसाठी नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडी जागी करायला ते फार उपयोगी पडतं, पण फिजिओने एकदा बसवून दिल्यावरच.

कोणी लावू नये

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की हृदयाला झटका देणारं यंत्र) असणाऱ्यांनी नाही. हे ठळक सांगायला हवं, कारण घरात मशीन आलं की ते खेळाडूपुरतं राहत नाही, आजोबांच्या गुडघ्यालाही लागतं. फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गळ्याच्या पुढच्या भागावर, डोक्यावर, डोळ्यांजवळ, छातीच्या आरपार, जखमेवर किंवा कर्करोगाच्या जागी कोणीच नाही. गाडी चालवताना, पाण्याजवळ आणि झोपेत नाही.

मैदानावर परतायचं ठरवताना मशीन बाजूला ठेवा. ज्या दिवशी टेन्स आणि वेदनाशामक गोळी दोन्ही घेतलेलं नाही, अशा दिवशी दुखऱ्या पायावर टाचा २० वेळा उचला, त्याच पायावर दहा उड्या मारा, मग पळत जाऊन एकदम दिशा बदला. दुसऱ्या पायाइतकं जमत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आलेली नसेल, तर सरावाला जा. पहिले काही आठवडे घोट्याला पट्टी किंवा ब्रेस बांधूनच.