संडे स्कूलमध्ये खेळांची उदाहरणं देताय? मग या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीतली बायबल शाळा जवळ आली की आमच्या सांगली-मिरज भागातले नवे शिक्षक चेंडू आणि शिट्टी घेऊन तयार असतात. खेळाला माझा विरोध नाही. प्रेषित पौलानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात धावण्याचं आणि मुष्टियुद्धाचं उदाहरण दिलं, कारण त्यांच्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत. पण रविवारी सकाळी घाईघाईत मोबाइलवर उदाहरण शोधायचं आणि दहा वाजता वर्गात सांगायचं, याने मुलांचं नुकसान होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शास्त्रभाग नीट न वाचता त्यात खेळ घुसवणं. एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्या शिक्षकाने बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा 32 वा अध्याय, याकोबाची देवाशी झालेली झोंबी, सांगायला घेतला. यब्बोक नदीच्या काठी याकोबाने लांग कसली, पट काढला, ढाक लावली आणि देवाला चितपट केलं! ‘तुम्हीही असेच जिंका,’ असं म्हणून तो थांबला. हा कवठे पिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा मुलूख. इथल्या पोरांना कुस्ती शिकवावी लागत नाही. तालमीत जाणाऱ्या एका मुलाने सरळ विचारलं, “दादा, म्हणजे देवाची पाठ टेकली?” दादाला उत्तर सुचेना. मागून दुसरा म्हणाला, “मग प्रार्थना याकोबालाच करूया की.” तो मुलगा चेष्टा करत नव्हता. त्याला जे शिकवलं त्यावरून त्याने बरोबर निष्कर्ष काढला होता.

मूळ अध्यायात डावपेच नाहीतच. झोंबी पहाटेपर्यंत चालते, मग नुसत्या स्पर्शाने याकोबाच्या जांघेचा सांधा उखळतो. तरी तो सोडत नाही, आशीर्वाद मागतो. ‘तू प्रबळ ठरलास’ असं त्याला सांगितलं जातं खरं, पण कसा ते बायबलमधल्याच होशेयच्या पुस्तकात, 12 व्या अध्यायात वाचा: रडून, विनवणी करून. मी हा पाठ घेताना तालमीतल्या मुलालाच पुढे बोलावतो. पाय निकामी झालेल्या पैलवानाला काय करता येतं, असं विचारतो. “डाव नाही मारता येत, नुसतं धरून राहता येतं,” असं उत्तर येतं. मग अध्याय उघडायचा. खेळ मुलांनी सांगावा, शास्त्र आपण सांगावं. ज्याला हा अध्याय तीनदा वाचायचा कंटाळा आहे, त्याने कुस्तीचं नाव काढू नये.

दुसरी चूक मला फार खटकते: ‘विश्वास ठेवा, देव तुम्हाला मॅच जिंकवेल.’ अहो, समोरच्या संघातही प्रार्थना करणारी मुलं असतात! आणि हरलेल्या मुलाने काय समजायचं, आपला विश्वास कमी पडला? इथे मी विजय हजारेंबद्दल सांगतो. 1915 साली सांगलीत, ख्रिस्ती घरात जन्मलेला हा फलंदाज. 1948 च्या अॅडलेड कसोटीत त्यांनी 116 आणि 145 अशी दोन्ही डावांत शतकं ठोकली, समोर ब्रॅडमनचा संघ. भारत तो सामना डावाने हरला. मुलांना विचारा, ती शतकं वाया गेली का? पाच मिनिटं तरी वाद होतो, होऊ द्या. मग 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते, हे सांगा. पण ‘बघा, शेवटी देवाने फळ दिलं’ अशी शेपटी जोडू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. पौलाच्या त्याच धावण्याच्या उदाहरणातलं ‘बक्षीस एकालाच मिळतं’ हे वाक्य तोडून सांगू नका. पौलाचा भर पुढच्या वचनातल्या संयमावर आहे. इब्री लोकांस पत्राच्या 12 व्या अध्यायातल्या ‘धीराने धावा’ला शंभर मीटरची शर्यत लावू नका, तिथे धीर हवा; माणच्या धावपटू ललिता बाबर धावत ती अडथळ्यांची तीन हजार मीटर शर्यत जास्त जवळची. मुलींना फक्त टाळ्या वाजवायला बसवू नका. खेळ दहा मिनिटांत आटपा, नाहीतर बायबल पिशवीतच राहतं.

आणि कृपा, म्हणजे न कमावता मिळणारं देवाचं दान, शिकवताना मैदानावर जाऊच नका. गुण मोजून कृपा समजत नाही. त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. तासगावकडच्या मुलांनी बागेतली रोजंदारी पाहिलेली असते. तासभर राबणाऱ्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली म्हटलं की ती चिडून भांडायला लागतात. भांडण पुरतं रंगलं की पंधरावं वचन, ‘मी उदार आहे म्हणून तुला हेवा वाटतो का?’ या अर्थाचं, त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.