प्रेशर व्हेसलसाठी (दाब सहन करणारी टाकी) वेल्डिंग रॉड निवडताना नुसती ताकद बघू नका
हाय स्ट्रेंग्थ लो अलॉय स्टीलला रॉड निवडताना बरेच जण जास्त ताकदीचा उचलतात, म्हणजे काम पक्कं होईल असं वाटतं, पण उलट गरजेपेक्षा कडक वेल्डला क्रॅक जायची भीती जास्त. प्लेटचा टेन्साईल (ओढताना तुटण्याआधी किती सहन करते ती ताकद) बघा आणि तेवढ्यालाच मॅच करा, ७० केएसआयला (हजार पौंड प्रति चौरस इंच) ७०१८ नंबरचा रॉड, ८० ला ८०१८. मग रॉडच्या नंबरात शेवटी लागलेलं अक्षर बघा, खरी गंमत तिथेच आहे: प्लेट सव्वा क्रोम अर्धा मॉली (सव्वा टक्का क्रोमियम, अर्धा टक्का मॉलिब्डेनम) असेल तर बी२, सव्वादोन क्रोम एक मॉली असेल तर ९०१८-बी३, आणि थंड सर्व्हिसमध्ये इम्पॅक्ट (धक्का सहन करायची ताकद) हवा असेल तर निकेलवाला सी३ वगैरे. जॉबला नंतर स्ट्रेस रिलीव्ह (ताण काढायला तापवणं) करायचं असेल तर सर्टिफिकेटमधली ताकद हीट ट्रीटमेंटनंतरची आहे का तेही बघा, कारण ती उतरते आणि मग टेस्ट पीस फेल.
वेल्डमधल्या हायड्रोजननेही क्रॅक जातो, म्हणून एच४ मार्कवाला घ्या, म्हणजे १०० ग्रॅम वेल्डमध्ये जास्तीत जास्त ४ मिली हायड्रोजन. पण पाकीट फोडून रॉड उघडे ठेवले तर ते ओलावा धरतात, मग त्या एच४ ला काही अर्थ नाही हं, रॉड गरम ठेवायच्या ओव्हनमधूनच काढा. पुन्हा बेक करायचं तापमान मेकरच्या डेटाशीटमधून घ्या, अंदाजाने नको.