वायरिंग प्रकल्पाची पार्ट लिस्ट आपोआप काढताना या चुका टाळा

विद्युत आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरपैकी अल्टियम डिझायनरमधील आउटपुट जॉब फाइल (कोणती आउटपुटे कशी काढायची हे साठवणारी फाइल) असो किंवा किकॅडच्या ८व्या आवृत्तीपासून कमांड लाइनवरून काढता येणारी यादी असो, एकदा नीट बसवलेली व्यवस्था दर वेळी त्याच साच्यातली पार्ट लिस्ट तयार करून देते. मात्र ही व्यवस्था आराखड्यात नोंदलेल्या वस्तूच मोजते, आणि वायरिंगच्या कामातल्या कितीतरी आवश्यक वस्तूंना आराखड्यात चिन्हच नसते.

याचा सर्वाधिक फटका क्रिम्प टर्मिनलांना, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यांना, बसतो. १२ पिनांच्या जलरोधक कनेक्टरमध्ये ९ वायरी येत असतील, तर यादीत ‘कनेक्टर, नग १’ एवढेच उमटते. प्रत्यक्षात त्यासोबत ९ टर्मिनल, वायरींवरची ९ सील आणि रिकाम्या छिद्रांसाठी ३ प्लग लागू शकतात. हे आकडे तयार झालेल्या फाइलमध्ये हाताने भरणे ही मोठी चूक आहे, कारण पुढच्या वेळी यादी काढताच ते पुसले जातात. हे भाग मूळ आराखड्यातच कनेक्टरला जोडावेत. एकाच टर्मिनलमध्ये दोन वायरी दाबायच्या असतील, तर टर्मिनलांची संख्या वायरींइतकी राहत नाही. शिवाय एकत्रित जाडी वाढल्यामुळे टर्मिनलचा पार्ट नंबरही बदलू शकतो, हे विशेष जपावे.

वायरींची लांबी हा दुसरा कच्चा दुवा आहे. गट करताना सॉफ्टवेअर ओळी मोजून ‘नग ५’ लिहिते, पण खरेदीला हवी असते प्रत्येक प्रकारची आणि रंगाची एकूण लांबी. त्यासाठी लांबीचा स्वतंत्र रकाना, एकच एकक आणि बेरीज ठरवून द्यावी. पीळ दिलेल्या जोड्या आणि टोके सोलणे यांसाठीची वाढीव लांबी कुठे धरायची, हेही एकदाच निश्चित करावे. अन्यथा आरेखक आणि खरेदी विभाग दोघेही ती धरतात. १८ एडब्ल्यूजी (वायरीच्या जाडीचे अमेरिकन माप) म्हणजे सुमारे ०.८२ चौरस मिलिमीटर, त्यामुळे ती आणि ०.७५ची वायर परस्पर एक मानू नये.

एकच पार्ट नंबर दोन ओळींत विभागला गेला असेल, तर त्या नंबरच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा किंवा हायफनऐवजी आलेली निराळी आडवी रेघ शोधावी. उलट केवळ वर्णनावरून गट केल्यास लाल आणि काळी वायर एकत्र होण्याचा धोका असतो.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास ‘००१२’ मधील शून्ये गळतात, ‘३-४’ची तारीख होते आणि इंग्रजी ‘ई’ अक्षर असलेला क्रमांक घातांकी संख्या ठरू शकतो. अशा वेळी दोष यादी काढणाऱ्या व्यवस्थेवर ढकलण्यापूर्वी तीच फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पाहावी आणि पार्ट नंबरचा रकाना मजकूर म्हणून आयात करावा.

आकडे बरोबर असूनही यादी जुनी वाटत असेल, तर आराखडा जतन न करता किंवा चुकीचा व्हेरिअंट (त्याच आराखड्याचा वेगळे भाग असलेला प्रकार) निवडून ती काढलेली असू शकते. फाइलच्या नावात आवृत्ती आणि व्हेरिअंट आपोआप येईल अशी योजना केल्यास ही गफलत पाठवण्याआधीच लक्षात येते.