रक्त घेण्याआधी करारात काय लिहायचं

मी डॉक्टर नव्हे, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर फिरणारी संस्थेची बाई. कॉलेज आणि लॅब मिळून कातकऱ्यांमध्ये सिकल सेलवर, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, संशोधन करायचं ठरलं की ठाण्यात पहिली बैठक होते आणि संशोधनाच्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं यावरच अडते. नाव नंतर ठरवा. रिपोर्ट पाड्यावर कोण नेणार, किती दिवसांत आणि कुणाच्या पैशातून, हे आधी करारात लिहा.

एवढा आग्रह अशासाठी, की सोल्युबिलिटी टेस्ट रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक (दोष अंगात, पण सहसा आजार नाही) की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या लॅबमधल्या पुढच्या तपासण्या केल्यावरच कळतं. तो दुसरा रिपोर्ट कुणाच्या तरी मेलवर पडून राहिला, तर इकडे पोरीला 'रक्ताचा आजार' चिकटतो आणि ठरलेली सोयरीक मोडते.

तारखा लॅबच्या सोयीने घेऊ नका. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत गेलात तर दारांना कड्या आणि ओट्यावर एखादी म्हातारी. नमुने लावणी उरकल्यावर घ्या, रिपोर्ट दिवाळीच्या आत द्या. उशीर झालाच तर भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जावं लागेल. कोण कुठल्या भट्टीवर आहे, हे आशाताईला विचारा. आणि तिचा मोबदला बजेटात धरा. फुकट राबवायची सवय वाईट.

२०२३ पासून केंद्राचं सिकल सेल निर्मूलन अभियान चालू आहे, त्यात चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी होते. कुठले पाडे झालेत ते उपकेंद्रात विचारून घ्या, उगाच दोनदा सुई नको.

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी कॉलेज आणि लॅब दोघांनी घ्यायची. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत वेगळा अर्ज. पाड्याचा कारभारी 'हो' म्हणाला म्हणून भागत नाही. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ज्याची त्याची संमती लागते. अंगठा घेताना साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा.

राहिलं उरलेलं रक्त. लॅबवाले म्हणतील, 'पुढच्या संशोधनाला ठेवू.' संमतीपत्रात ते वेगळं विचारलं असेल तर खुशाल ठेवा. नसेल, तर किती महिन्यांत नष्ट करणार ते करारात लिहून घ्या.