धंदा करणाऱ्या बाईनं इन्कम प्रूफ कुठून आणायचं

खोली भाड्यानं घ्यायला जा, पोरीच्या कॉलेजसाठी लोन मागायला जा, समोरचा एकच म्हणतो, इन्कम प्रूफ आणा. नोकरी नाही म्हणून सॅलरी स्लिप नाही, फॉर्म 16 नाही, कमाई आहे पण सगळी हातातली. मी देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बायकांची कागदपत्रं करून देते, पुण्याच्या बुधवार पेठेतल्याही आणि बाहेरच्याही, म्हणून जे खरंच चालतं तेवढंच सांगते.

आधी डोक्यातली भीती काढा. आपल्याकडे स्वतःच्या मर्जीनं धंदा करणं हा गुन्हा नाही. 1956 चा पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार रोखणारा कायदा, कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं असल्या गोष्टींना पकडतो. आणि इन्कम टॅक्सवाल्यांना पैसा कशाचा यापेक्षा किती हे पाहिजे असतं. त्यामुळे फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'स्वयंरोजगार' लिहायचं, बँकेतल्या साहेबानं विचारलं तर 'स्वतःचं सर्व्हिसचं काम आहे, रोख आणि यूपीआयनं पैसे येतात' एवढं पुरतं, ते खोटंही नाही. पण ओळखीच्या दुकानदाराकडून पगाराची खोटी स्लिप बनवून घेऊ नका, बँक त्या दुकानात फोन लावते, पीएफ बघते, आणि मग लोन राहिलं बाजूला, फसवणुकीची केस तेवढी मागे लागते.

आता पाया. आधार नसेल तर बाकी काहीच होत नाही. गाव सुटलं, घरच्यांनी कागद ठेवून घेतले, असं असेल तर 19 मे 2022 चा सुप्रीम कोर्टाचा आदेश लक्षात ठेवा: पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅको (केंद्राची एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की आधार मिळतं, आणि कार्डावर किंवा नंबरात तुमच्या कामाची कुठलीही खूण ठेवायची नाही असंही कोर्टानं बजावलंय. मुंबईला वेगळी सोसायटी आहे, बाकी महाराष्ट्राला वेगळी, पण तुम्ही थेट तिथं जाऊ नका, तुमच्या वस्तीत तपासणीला येणाऱ्या संस्थेच्या ताईला गाठा, तिला रस्ता माहीत असतो. आधारला मोबाईल जोडला की पॅन ऑनलाइन फुकट निघतं, त्याचे पाचशे मागणाऱ्याला देऊ नका.

मग खातं. खूप जणींचं जनधनचं छोटं खातं असतं, पुरेशा कागदांशिवाय काढलेलं, त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा चालत नाही आणि महिन्याला दहा हजारांच्या वर काढता येत नाहीत, तर आधार-पॅन देऊन आधी ते पूर्ण केवायसीचं करून घ्या. त्यानंतर सवय एकच: आठवड्याला जे उरलं ते खात्यात. लोन मागायच्या आधी एकदम दोन लाख भरले तर बँकवाला लगेच ओळखतो, त्याला सहा महिने ते वर्षभराचं स्टेटमेंट पाहिजे असतं आणि त्यात दर आठवड्याला तीन-चार हजार पडताना दिसले की तो निवांत होतो. दाराशी पिग्मीवाला येत असेल तर अजूनच चांगलं, पतसंस्थेच्या त्या पासबुकात रोजचे शंभर-दोनशे तारखेनिशी असतात आणि निदान त्याच पतसंस्थेत कर्ज मागताना ते कामाला येतं. भिशी मात्र कुठं धरत नाहीत, कितीही मोठी असू दे.

यूपीआय घेत असाल तर त्याचं खातं वेगळं ठेवा. एक तर गिऱ्हाईक रिमार्कमध्ये काय वाट्टेल ते लिहितं आणि ते स्टेटमेंटवर छापून येतं, लाज त्याला नाही, आपल्याला. दुसरं जास्त वाईट, एखाद्यानं सायबर फ्रॉडचे पैसे तुम्हाला पाठवले तर कुठल्या तरी लांबच्या राज्यातला सायबर सेल तुमचं खातं गोठवतो आणि घरखर्चाचे पैसे त्यात अडकतात.

आता खरा पुरावा, आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न. एक साधी वही करा, तारीख, आलेले पैसे, गेलेले पैसे. जिथं घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, अर्धे घेते तिथं गिऱ्हाईकानं दिलेले सगळे लिहू नका, तुमच्या हातात आले तेवढेच लिहा. समजा महिन्याला 30 हजार हातात येतात, म्हणजे वर्षाचे 3,60,000. खोलीचं भाडं, औषधपाणी, रिक्षा असं कामापुरतं लाखभर वजा केलं तर उरले 2,60,000. (पोलिसाला, गुंडाला दिलेला हप्ता खर्चात धरता येत नाही. हसू नका, विचारलंय मला एकीनं.) आयटीआर 4 मध्ये अंदाजे उत्पन्नाची सोय आहे, लोक तिला 44एडी म्हणून ओळखतात, त्यात रोख जमेच्या कमीत कमी 8 टक्के आणि डिजिटलच्या 6 टक्के नफा दाखवावा लागतो. इथंच एजंट घोळ घालतात. 8 टक्के ही खालची हद्द आहे, तेवढाच दाखवायचा असं नाही. 3,60,000 वर 8 टक्के म्हणजे 28,800, आणि बँक तुमची वर्षाची कमाई तेवढीच धरणार, मग लोन कुठलं मिळतंय! खरा नफा दाखवा, 2,60,000. त्यावर टॅक्स शून्यच आहे, नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत काही लागत नाही आणि रिबेट धरून बारा लाखांपर्यंत शून्यच येतो. भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं.

बँका दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागतात, म्हणून लोन नको असलं तरी यावर्षीपासून भरायला लागा. 'तीन वर्षांचे आजच काढून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. जुन्या वर्षांचं रिटर्न भरता येतं पण टॅक्स निघत असेल तरच, वर जादा टॅक्स देऊन, आणि तिन्ही पावत्यांवर एकच आठवडा दिसला की बँकवाल्याच्या भुवया चढतात. सीएचं सर्टिफिकेट घ्यायचं तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा स्वतःचा ओळख नंबर, हवाच, बँक तो ऑनलाइन तपासते.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ही वेगळी गोष्ट. तो शाळेसाठी, स्कॉलरशिपसाठी, सरकारी योजनांसाठी. आरटीईच्या प्रवेशाला दुर्बल घटकातून जायचं तर एक लाखाच्या आतला लागतो, लाडकी बहीणला घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. सेतूवाला विचारतो किती टाकू, आणि बायका सांगतात टाका साठ हजार. मग बँकेत आयटीआर 2,60,000 चा. आता सगळं आधार-पॅनला जोडलेलं आहे, उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर उत्तर काय देणार? आकडा सगळीकडे एकच ठेवा, एखादी योजना हुकली तरी चालेल.

असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढा, पण त्यावर उत्पन्न सिद्ध होत नाही. आयटीआर नसेल आणि पैशांची घाई असेल तर बचत गट किंवा मायक्रोफायनान्स बघा, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला ते विनातारण देतात आणि कमाईचा अंदाज स्वतःच विचारून काढतात. हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, गळ्यात जास्त घालत असतील तर हे ऐकवा.

बारमध्ये नाचत असाल तर मालकाकडून लेखी करार आणि पैसे खात्यात मागा, डान्सबारच्या 2016 च्या कायद्याखालच्या अटींतच ते आहे आणि 2019 ला सुप्रीम कोर्टानं फिक्स पगाराची सक्ती काढली तरी हे राहू दिलं. करार हा नोकरीचा सगळ्यात सरळ पुरावा. कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांनी मात्र आधी वकील गाठा, आयटी कायद्याच्या 67ए कलमात उघड लैंगिक कृत्याचे व्हिडिओ ऑनलाइन टाकल्याबद्दल पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तिथं पैसे कुठल्या साइटवरून आले हे दाखवणारा कागदच अंगाशी येऊ शकतो.

घरमालकाला आयटीआरची पावती आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट दाखवलं की बहुतेक वेळा पुरतं. झेरॉक्सवर आडवं लिहा, 'फक्त भाडेकरारासाठी', तारीख आणि सही. एजंटला ओरिजिनल द्यायचं नाही, अगदी दोन मिनिटांत आणतो म्हणाला तरी.